जोर वाढवला की पीक डावीकडे सरकतंय: नॉनलिनियर म्हणायचं की टेस्ट गंडलीय?

कंपनवेडा
मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

एका मशीनच्या फ्रेमवर बोल्टने बसवलेल्या ब्रॅकेटची मोडल टेस्ट (कोणत्या फ्रिक्वेन्सीला, कशा आकारात कंप पावतं ते मोजणं) चालू आहे. फ्रेम बंजी कॉर्डवर टांगलेली, इलेक्ट्रोडायनॅमिक शेकर, मध्ये बारीक स्टिंगर (जोर पोचवणारी सळई), त्याच्या टोकाला फोर्स सेन्सर आणि ब्रॅकेटवर ठिकठिकाणी अ‍ॅक्सेलरोमीटर. पहिला बेंडिंग मोड रँडम एक्सायटेशनने काढला. फोर्स १ न्यूटन आरएमएस ठेवला तर पीक (आलेखाचा शेंडा) १४३ हर्ट्झला येतं, डॅम्पिंग (कंपन किती लवकर विरतं ते) ०.६ टक्के. ३ न्यूटनला तेच पीक १३८ वर, डॅम्पिंग ०.९. आणि १० न्यूटनला थेट १३१, डॅम्पिंग १.६. फोर्स परत १ न्यूटनवर आणला की पीक जवळपास मूळ जागी. पीकच्या आसपास कोहेरन्स (रिस्पॉन्सचा किती भाग फोर्सशी लिनियर नात्याने जुळतो, ० ते १) खाली बसतो, मोठ्या फोर्सला जास्तच.

माझ्या मते हे सरळसरळ नॉनलिनियर वागणं (जोराच्या प्रमाणात रिस्पॉन्स न देणं) आहे. साहेबांचं म्हणणं, "सेटअप नीट लाव, हे सगळं फिक्स्चरचं पाप आहे. रिपोर्टमध्ये १४३ लिही आणि मोकळा हो."

तर प्रश्न दोन. नॉनलिनियर आहे हे ठामपणे दाखवायचं कसं? आणि असेलच तर कोणत्या जातीचं, हे ओळखायचं कसं?

डेसिबल
साहेब मात्र पक्के लिनियर असतात. चूक दुप्पट, तर ओरडणं दुप्पट. (हलकेच घ्या.)

बोल्टबहाद्दर
असहमत. आमच्या साहेबांना डेड झोन आहे. एका पातळीपर्यंत शून्य रिस्पॉन्स, मग एकदम स्फोट. आणि खाली येताना वेगळ्याच वाटेने येतात, म्हणजे हिस्टेरेसिसही आला.

जुना_शेकर
साहेबांना लगेच मोडीत काढू नका, अर्धं म्हणणं बरोबर आहे. नॉनलिनियर म्हणून आणलेल्या बऱ्याच केसेस तपासल्या की शेवटी सैल सेन्सर, वाकडा स्टिंगर किंवा ओव्हरलोड झालेलं चॅनेल निघतं. म्हणून एफआरएफ (फ्रिक्वेन्सीनुसार रिस्पॉन्स भागिले फोर्स) बघायच्या आधी टाइम सिग्नल बघा. १० न्यूटनच्या रनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटरचा सिग्नल वरून कापल्यासारखा दिसतोय का? मेण लावून चिकटवलेला सेन्सर मोठ्या फोर्सला हलतोय का? स्टिंगर किंचित जरी तिरका लागला तरी तो ब्रॅकेटला बाजूने दाबतो, आणि मग तुम्ही ब्रॅकेट अधिक स्टिंगर असं भलतंच स्ट्रक्चर मोजत बसता.

दुसरं, फोर्सचा स्पेक्ट्रम वेगळा काढून बघा. रेझोनन्सला स्ट्रक्चर इतकं सहज हलतं की शेकरला ढकलायला काही उरत नाही आणि फोर्स तिथेच खड्ड्यात जातो. त्या खड्ड्यात नॉइजच जास्त, त्यामुळे एच-वनने (एफआरएफ काढायच्या नेहमीच्या सूत्राने) काढलेलं पीक बुटकं येतं आणि डॅम्पिंग फुगलेलं दिसतं. पण हा घोळ लहान फोर्सला जास्त असायला हवा. तुमच्याकडे डॅम्पिंग मोठ्या फोर्सला वाढतंय. म्हणजे तुमचं म्हणणं निदान या एका परीक्षेत तरलं.

खडूस_परीक्षक
व्याख्येपासून सुरू करू, म्हणजे वाद कमी होतील. लिनियर सिस्टिमचा एफआरएफ फोर्सच्या पातळीवर अवलंबून नसतो. याला होमोजिनिटी म्हणतात. पीक १४३ वरून १३१ वर गेलं, परत मागे आलं, म्हणजे होमोजिनिटी मोडली. "ठामपणे दाखवायचं" त्यातलं अर्धं काम तीन कर्व्ह एकमेकांवर टाकले की झालं. उरलेला प्रश्न हा की मोडणारा कोण: ब्रॅकेट, बोल्ट, बंजी की स्टिंगर.

शेकर स्वतः नॉनलिनियर असला तर? तो असतोच. पण एफआरएफ आपण ब्रॅकेटवर मोजलेल्या फोर्सवरून काढतो, शेकरला दिलेल्या व्होल्टेजवरून नाही. त्यामुळे एवढ्या पीक सरकण्याचं खापर शेकरवर फोडता येणार नाही.

नवशिकी
एक बाळबोध प्रश्न. आम्हाला वर्गात डफिंगचा (नॉनलिनियर स्प्रिंगच्या नमुन्याचा) कर्व्ह शिकवला, एका बाजूला झुकलेला, मध्येच उडी मारणारा. मग कंपनवेडा यांच्या तिन्ही कर्व्हमध्ये ते झुकणं, ती उडी का दिसत नाही? पीक सरकलंय, पण आकार तर अगदी सभ्य वाटतोय.

शून्यमाध्य
नवशिकी, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. अनुभवी लोकही इथेच फसतात.

रँडम एक्सायटेशनमध्ये अ‍ॅम्प्लिट्यूड सतत वरखाली होत असतं. स्ट्रक्चर कधी कडक वागतं, कधी मऊ, आणि आपण शेकडो अ‍ॅव्हरेज घेऊन त्या सगळ्याची सरासरी काढतो. हाती येतो तो त्या पातळीवरचा सर्वांत जवळचा लिनियर एफआरएफ. तो दिसायला छान सममित असतो. नॉनलिनियरिटी त्यात विरघळून जाते आणि कोहेरन्सच्या खड्ड्यात उरते. मोडल पॅरामीटर हवे असतील तर रँडम सोयीचं, पण स्वभाव ओळखायचा असेल तर ते सगळं झाकून टाकतं.

कोहेरन्सवरही आंधळा विश्वास नको. तो तीन कारणांनी पडतो: नॉइज, लीकेज (मोजणीचा तुकडा अपुरा पडल्याने सिग्नल शेजारच्या फ्रिक्वेन्सींत सांडणं) आणि नॉनलिनियरिटी. फ्रिक्वेन्सी रेझोल्यूशन बारीक करा. कोहेरन्स सुधारला तर ते लीकेज होतं. फोर्स वाढवल्यावर सुधारला तर नॉइज होता. फोर्स वाढवल्यावर आणखी बिघडला, तर संशयाची सुई नॉनलिनियरिटीकडे. आणि एक गंमत: तोच तो स्यूडो-रँडम सिग्नल पुन्हा पुन्हा वाजवला तर कडकडीत नॉनलिनियर स्ट्रक्चरलाही कोहेरन्स १ येतो! कारण विकृतीही प्रत्येक वेळी जशीच्या तशी येते. "कोहेरन्स छान आहे, म्हणजे लिनियर आहे" हे वाक्य त्यामुळे मला ऐकवत नाही.

डेसिबल
एकच अ‍ॅव्हरेज घेतलं तरी कोहेरन्स १ येतो. कमी कष्टात जास्त समाधान.

कंपनवेडा
जुना_शेकर, टाइम सिग्नल तपासले. कुठेही क्लिपिंग नाही. सेन्सर मेणावरून काढून सुपरग्लूने बसवले, स्टिंगर पुन्हा अलाइन केला. आकडे एखाद्या हर्ट्झच्या आत तेच. रेझोल्यूशन चौपट बारीक केलं तर १ न्यूटनचा कोहेरन्स सुधारला, १० न्यूटनचा नाही.

खडूस_परीक्षक
मग साहेबांचं फिक्स्चर सुटलं. पुढे चला.

जुना_शेकर
आता रँडम बंद करा आणि साइनवर या. स्टेप्ड साइन (एकेका फ्रिक्वेन्सीला थांबत मोजणं), फोर्स कंट्रोलमध्ये (फोर्स कायम राखून), फ्रिक्वेन्सी एकदा खालून वर आणि एकदा वरून खाली. फोर्स कंट्रोलवर माझा जोर आहे. शेकरला कायम व्होल्टेज दिलं तर रेझोनन्सजवळ फोर्स आपोआप घसरतो आणि कर्व्हचं झुकणं त्यात दडपलं जातं. पुष्कळ लोक व्होल्टेज कायम ठेवून स्वीप मारतात आणि "उडी नाही, म्हणजे लिनियर" असा निकाल देतात.

हार्डनिंग असेल, म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूडबरोबर स्टिफनेस वाढत असेल, तर पीक उजवीकडे झुकतं आणि वर जाणारा स्वीप शेंड्यापर्यंत पोचतो. सॉफ्टनिंग असेल तर डावीकडे, आणि शेंडा गाठायला वरून खाली यावं लागतं. तुमचं सॉफ्टनिंग दिसतंय, तेव्हा फक्त वरच्या दिशेने स्वीप केलात तर सगळ्यात मोठा रिस्पॉन्स हुकेल.

आता खबरदारी. स्टेप न घेता सलग स्वीप करणार असाल तर वेग बघा. घाईच्या स्वीपमध्ये साध्या लिनियर स्ट्रक्चरचं पीकही वर जाताना पुढे आणि खाली येताना मागे सरकतं. दिसायला अगदी डफिंगसारखं. वेग निम्मा करा. अंतर आटलं तर तो स्वीपचा दोष, तसंच राहिलं तर स्ट्रक्चरचा स्वभाव.

सिम्युलेशनवाला
सगळं वाचतोय, आणि थोडा विरोधी सूर लावतो. एवढा खटाटोप कशासाठी? जगातलं प्रत्येक जोडकाम थोडंफार नॉनलिनियर असतं. मॉडेलमध्ये आम्ही जॉइंटची स्टिफनेस ट्यून करून टेस्टशी जुळवतो आणि पुढे जातो. लिनियर मॉडेल सेकंदात सुटतं, कॉन्टॅक्ट आणि फ्रिक्शन टाकलं की रात्र जाते आणि सकाळी "कन्व्हर्ज झालं नाही" वाचायला मिळतं. काम चालेल एवढी अचूकता पुरे.

खडूस_परीक्षक
कोणत्या टेस्टशी जुळवता? १ न्यूटनच्या की १० न्यूटनच्या? या धाग्याचं सगळं सार त्या एका प्रश्नात आहे.

सिम्युलेशनवाला
ज्या अ‍ॅम्प्लिट्यूडला ते प्रत्यक्ष चालतं, तिथल्या. ती माहीत असेल तर तिथलं लिनियर मॉडेल पुरतं, यावर मी ठाम आहे.

शून्यमाध्य
तत्त्वतः मान्य. पण ती अ‍ॅम्प्लिट्यूड माहीत करून घेणं, हे काम तुम्ही टेस्टवाल्यांच्या गळ्यात घातलंत. 😀

पूलवाली
मी सिव्हिलमधली, त्यामुळे माझ्याकडे शेकर कमी आणि वारा-वाहनं जास्त. थोडं अवांतर करते.

आमच्याकडे फ्रिक्वेन्सी सरकली की पहिला संशय तापमानावर. स्वित्झर्लंडमधला झेड-२४ पूल या बाबतीत प्रसिद्ध आहे. १९९८ मध्ये पाडण्याआधी त्याच्यावर जवळपास वर्षभर मोजमापं घेतली गेली. गोठणबिंदूच्या खाली रस्त्यावरचं डांबर इतकं कडक व्हायचं की पुलाची फ्रिक्वेन्सी वर जायची. फ्रिक्वेन्सी आणि तापमानाचा आलेख शून्य अंशापाशी चक्क मोडतो, दोन वेगळ्या उतारांच्या रेषा दिसतात. ही काही अ‍ॅम्प्लिट्यूडची नॉनलिनियरिटी नव्हे, पण नुसतं "फ्रिक्वेन्सी बदलली" एवढ्यावर निष्कर्ष काढला की फसतो.

दुसरं उदाहरण कॅलटेक या अमेरिकेतल्या विद्यापीठातल्या तेव्हाच्या मिलिकन लायब्ररीचं. नऊ मजली काँक्रीटची इमारत, गच्चीवर कायमचा शेकर. १९६७ पासून तिची मोजमापं आहेत. भूकंप चालू असताना फ्रिक्वेन्सी खाली जाते, नंतर बरीचशी परत येते, पण पूर्ण नाही. काही दशकांत पूर्व-पश्चिम दिशेची फ्रिक्वेन्सी सुमारे २२ टक्क्यांनी कायमची उतरली. म्हणजे एकाच इमारतीत दोन्ही गोष्टी: जोराच्या हलण्यात तात्पुरती मऊ होणं आणि दरवेळी थोडं कायमचं सैलावणं. कंपनवेडा, १० न्यूटनची टेस्ट केल्यावर १ न्यूटनचं पीक "जवळपास" मूळ जागी आलं असं लिहिलंत. त्या "जवळपास"कडे नीट बघा.

बोल्टबहाद्दर
पूलवाली ताई +१. त्या "जवळपास"वर माझीही नजर होती. बोल्ट असला की असंच होतं.

गरमचहा
म्हणजे टॅकोमाचा पूल रेझोनन्सने पडला तसाच प्रकार ना?

खडूस_परीक्षक
आला! प्रत्येक कंपनाच्या धाग्यात हा यायचाच.

टॅकोमा नॅरोज पूल ७ नोव्हेंबर १९४० ला पडला तो रेझोनन्सने नव्हे. वाऱ्याने ठरावीक फ्रिक्वेन्सीने ढकललं आणि ती पुलाच्या फ्रिक्वेन्सीशी जुळली, असं झालंच नाही. डेक पिळवटायला लागला आणि पिळवटण्यातूनच वाऱ्याकडून ऊर्जा खेचत राहिला. म्हणजे एरोडायनॅमिक डॅम्पिंग निगेटिव्ह झालं. बाहेरून लागणारा फोर्स आणि स्वतःच पोसलेलं कंपन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकांमध्ये चुकीचं छापलंय म्हणून सगळ्यांच्या डोक्यात बसलंय.

गरमचहा
बरं बाबा, कान धरले. पण मग ते वाढत वाढत अनंतात का गेलं नाही? काही वेळ तर तसंच डोलत होतं ना?

शून्यमाध्य
या प्रश्नाबद्दल कान सोडा. लिनियर गणितात निगेटिव्ह डॅम्पिंग म्हणजे कंपन वाढतच जाणार. प्रत्यक्षात अ‍ॅम्प्लिट्यूड एका पातळीला जाऊन टिकतं, कारण कुठेतरी नॉनलिनियरिटी लगाम घालते. याला लिमिट सायकल म्हणतात. विमानांच्या कंट्रोल सरफेसमध्ये बिजागरीला जरा ढिलाई असेल तरी असंच होतं, फडफड सुरू होते आणि एका पातळीला राहते. म्हणून विमानाच्या ग्राउंड व्हायब्रेशन टेस्टमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या मोडला वेगवेगळ्या फोर्सवर पुन्हा मोजतात आणि फ्रिक्वेन्सी, डॅम्पिंग कसं सरकतं त्याचा आलेख देतात. ते कंपनवेडांनी मांडलेल्या तीन ओळींचंच सविस्तर रूप.

कंपनवेडा
स्टेप्ड साइन झालं. फोर्स कंट्रोल ठेवून दोन्ही दिशांनी. पीक डावीकडे स्पष्ट झुकतं, पण उडी नाही. वर जाणारा आणि खाली येणारा कर्व्ह जवळपास एकावर एक. म्हणजे डफिंगवालं नाही म्हणायचं का?

आणि रेझोनन्सजवळ रिस्पॉन्समध्ये तिसरा हार्मोनिक चांगला दिसतो, मूळच्या ६ टक्के. दुसरा हार्मोनिक नगण्य.

खडूस_परीक्षक
६ टक्के कशात? अ‍ॅक्सेलरेशनमध्ये असेल तर लक्षात घ्या, डिस्प्लेसमेंटच्या तुलनेत तिसरा हार्मोनिक तिथे ९ पट मोठा दिसतो. शिवाय दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फोर्सच्या सिग्नलमध्ये तिसरा हार्मोनिक किती? शेकर रेझोनन्सला स्वतःचे हार्मोनिक घुसडतो, आणि फोर्सचा मूळ भाग तिथे घसरलेला असला तर ते आणखी ठळक होतात. तेच रिस्पॉन्समध्ये उमटले तर पुरावा कसला? आणि ४०० हर्ट्झच्या आसपास दुसरा मोड आहे का? असेल तर तिसऱ्या हार्मोनिकला तो फुकटात वाढवून देतो.

कंपनवेडा
अ‍ॅक्सेलरेशनमध्येच. फोर्समध्ये तिसरा हार्मोनिक १ टक्क्याच्याही खाली आहे. ४०० च्या आसपास मोड नाही, पुढचा थेट ६१० ला.

खडूस_परीक्षक
मग मान्य.

बोल्टबहाद्दर
आता माझी पाळी. इतका वेळ चेष्टा केली, आता कामाचं बोलतो.

फक्त विषम हार्मोनिक म्हणजे रिस्टोअरिंग फोर्स दोन्ही दिशांना सारखा आहे, डावं-उजवं भेद नाही. सम हार्मोनिक असते तर एका बाजूला आदळणं, एकतर्फी गॅप किंवा उघडझाप करणारी भेग यांचा संशय घेतला असता. भेग ताणात उघडते आणि दाबात बंद होते, म्हणून ती सममिती मोडते.

आता सॉफ्टनिंग, अ‍ॅम्प्लिट्यूडबरोबर वाढतं डॅम्पिंग, विषम हार्मोनिक आणि उडीचा पत्ता नाही. हे सगळं एकत्र मायक्रोस्लिपकडे बोट दाखवतं. बोल्टने दाबलेल्या दोन पृष्ठभागांत मध्यभाग घट्ट चिकटलेला असतो, पण कडेचं कडं सूक्ष्म घसरत असतं. फोर्स वाढला की घसरणारं कडं आत सरकतं. तेवढी स्टिफनेस कमी होते, घर्षणात ऊर्जा जास्त जाते. साध्या मटेरियल डॅम्पिंगमध्ये एका सायकलमध्ये जाणारी ऊर्जा अ‍ॅम्प्लिट्यूडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मायक्रोस्लिपमध्ये घातांक २ आणि ३ च्या मध्ये कुठेतरी येतो, म्हणून डॅम्पिंग रेशो चढतो. उडी न दिसण्याचं कारणही तेच. पीक झुकायला लागेपर्यंत डॅम्पिंग इतकं वाढलेलं असतं की कर्व्ह दुमडतच नाही. उडी नाही म्हणजे लिनियर, असं अजिबात नाही.

याउलट पूर्ण घसरणारं कुलाँब घर्षण असतं तर अ‍ॅम्प्लिट्यूड वाढल्यावर समतुल्य डॅम्पिंग कमी झालं असतं. नेहमी या दोघांची गल्लत होते. "घर्षण आहे म्हणजे डॅम्पिंग वाढणार" असं सरसकट म्हणता येत नाही.

नवशिकी
हे वहीत उतरवून घेतलं. धन्यवाद!

जुना_शेकर
बोल्टबहाद्दरांशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). फक्त शिक्कामोर्तब करायला रिंगडाउन (फटक्यानंतर आपोआप विरणारं कंपन) घ्या. शेकर आणि स्टिंगर पूर्ण सोडवा, कारण जोडलेला शेकर आपलं वस्तुमान आणि डॅम्पिंग घुसडतो. हातोड्याने एकच जोरदार फटका द्या, सिग्नलमधून तेवढाच मोड बँडपास करा आणि हिल्बर्ट ट्रान्सफॉर्मने क्षणोक्षणीची अ‍ॅम्प्लिट्यूड आणि फ्रिक्वेन्सी काढा. एकाच फटक्यात सगळ्या अ‍ॅम्प्लिट्यूडचा हिशेब मिळतो, आणि फ्रिक्वेन्सी विरुद्ध अ‍ॅम्प्लिट्यूड काढलं की बॅकबोन समोर.

अ‍ॅम्प्लिट्यूड लॉग स्केलवर काढा. साध्या विस्कस (वेगाच्या प्रमाणात रोखणाऱ्या) डॅम्पिंगला ती सरळ रेषा येते. सुरुवातीला तीव्र उतार आणि नंतर सपाट होत गेली, तर डॅम्पिंग मोठ्या अ‍ॅम्प्लिट्यूडला जास्त आहे. कुलाँब असेल तर साध्या स्केलवर सरळ रेषा दिसते, कंपन शेवटी पटकन थांबतं. फिल्टरमुळे रेकॉर्डची दोन्ही टोकं बिघडतात, ती कापून टाका. सुरुवातीच्या चार सायकलवरून सिद्धांत मांडणारे रिपोर्ट पाहिलेत, म्हणून सांगतोय.

सिम्युलेशनवाला
आणि रिस्टोअरिंग फोर्स सरफेस? मास्री आणि कॉगी यांची १९७९ ची पद्धत. अ‍ॅक्सेलरेशन, वेग आणि डिस्प्लेसमेंट असेल तर फोर्सचा पृष्ठभागच काढता येतो, गॅप असेल तर त्यात कोपरा दिसतो.

जुना_शेकर
पद्धत सुंदर. पण अ‍ॅक्सेलरेशन दोनदा इंटिग्रेट करावं लागतं आणि लो फ्रिक्वेन्सीचा ड्रिफ्ट जीव खातो. शिवाय एकच मोड, एकच जोड अशा सरळ केसमध्येच ती स्वच्छ चालते. इथे बोल्ट एकापेक्षा जास्त आहेत.

शून्यमाध्य
मल्टिसाइनची (अनेक साइन एकत्र केलेल्या सिग्नलची) जाहिरात केल्याशिवाय मला झोप येणार नाही. ब्रुसेल्सच्या विद्यापीठातल्या मंडळींनी हे बरंच पुढे नेलं. सिग्नलमध्ये फक्त विषम फ्रिक्वेन्सी लाइन भरायच्या, त्यातल्या काही मुद्दाम रिकाम्या ठेवायच्या, फेज रँडम. मग रिस्पॉन्समध्ये सम लाइनवर जे येईल ते सम नॉनलिनियरिटीचं, रिकाम्या विषम लाइनवर येईल ते विषम नॉनलिनियरिटीचं, आणि एका पिरियडपासून दुसऱ्यात जे बदलतं तो नॉइज. एका टेस्टमध्ये तिन्हींचा वेगळा हिशेब. कोहेरन्सच्या एका आकड्यात हे सगळं एकत्र कोंबलेलं असतं.

नवशिकी, सराव करायचा असेल तर एफ-१६ विमानाचा डेटा सर्वांसाठी खुला आहे. २०१४ मध्ये बेल्जियममध्ये प्रत्यक्ष विमानावर घेतलेला, पंखाखाली शेकर लावून. नॉनलिनियरिटी पंख आणि टोकाला लावलेल्या पेलोडच्या जोडात आहे. म्हणजे इथेही शेवटी जोडच.

नवशिकी
खूप आभार, काका! शोधते.

शून्यमाध्य
काका?? असो.

डेसिबल
डॅम्पिंग वाढल्याचं लक्षण. 😀

एआयप्रेमी
हे सगळं न्यूरल नेटवर्कला दिलं की तेच शोधून काढेल की.

खडूस_परीक्षक
काढेल. आणि १ न्यूटनच्या डेटावर शिकवलं तर १० न्यूटनलाही १४३ च सांगेल, साहेबांसारखं.

कंपनवेडा
रिंगडाउनचे निकाल. दणदणीत फटक्यानंतर फ्रिक्वेन्सी १३३ वरून सुरू होते आणि कंपन ओसरताना १४४ वर जाऊन बसते. लॉग स्केलवरचा उतार आधी तीव्र, मग सपाट. जसं सांगितलंत तसंच.

मग बोल्टच उघडले. एका बोल्टच्या भोकाभोवती रंग घासला गेलाय आणि वॉशरखाली तांबूस-तपकिरी भुकटी होती. रंग खरवडून पृष्ठभाग साफ केले, टॉर्क रेंचने ड्रॉइंगप्रमाणे टॉर्क दिला आणि रँडम पुन्हा घेतलं. आता १ न्यूटनला १४५, ३ न्यूटनला १४४ आणि १० न्यूटनला १४१. डॅम्पिंगही कमी सरकतंय.

आता एक गोष्ट सांगायची राहिली होती. या मशीनची मोटर ७२०० आरपीएमवर चालते, म्हणजे १२० हर्ट्झ. स्पेसिफिकेशन म्हणतं, मोड त्यापासून १० टक्के लांब हवा. म्हणजे १३२ च्या वर.

बोल्टबहाद्दर
अहो, ही गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये हवी होती! मूळ अवस्थेत १० न्यूटनला १३१, म्हणजे नापास. आणि साहेब १४३ लिहून पास करत होते.

तपकिरी भुकटी म्हणजे फ्रेटिंग. स्टीलचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म घासत राहिले की तीच निघते. मायक्रोस्लिपचा याहून रोकडा पुरावा नाही.

पूलवाली
आणि वाईट म्हणजे ते स्वतःला ओढत नेतं. अ‍ॅम्प्लिट्यूड वाढली की फ्रिक्वेन्सी उतरते, उतरली की १२० च्या जवळ जाते, जवळ गेली की अ‍ॅम्प्लिट्यूड आणखी वाढते.

सिम्युलेशनवाला
ठीक आहे, हार मानतो. निदान या केसपुरती. पण प्रत्यक्ष मशीनवर ब्रॅकेट किती हलतं? ते मोजल्याशिवाय १३१ लागू की १३८, हे ठरत नाही.

कंपनवेडा
चालू मशीनवर मोजलं आहे. टोकाचा रिस्पॉन्स ३ न्यूटनच्या टेस्टइतका येतो, सुरू-बंद करताना थोडा जास्त. रिपोर्टमध्ये आता एक फ्रिक्वेन्सी न देता तक्ता देतोय, आणि आडव्या अक्षावर फोर्स न टाकता ब्रॅकेटच्या टोकाची अ‍ॅम्प्लिट्यूड टाकतोय. साहेबांना बॅकबोन दाखवला. "मग बोल्ट घट्ट करा ना, एवढं काय त्यात," म्हणाले.

जुना_शेकर
अक्षावर अ‍ॅम्प्लिट्यूड टाकलीत हे फार बरं केलंत. शेकर कुठे लावला यावर फोर्सचा अर्थ बदलतो, पण जोडाला फोर्स कळत नाही, त्याला हालचाल कळते. एक टीप जोडा: रँडमचा आरएमएस आणि साइनचा पीक एकाच अक्षावर सरमिसळ करू नका, वाचणारा गोंधळेल.

कंपनवेडा
हो, वेगळे ठेवलेत. शेवटचा प्रश्न: बोल्ट आज घट्ट आहेत. काही महिन्यांनी प्रीलोड (बोल्टमधला ताण) उतरला तर हे सगळं परत येणार. ते कसं पकडायचं?

जुना_शेकर
क्वालिफिकेशन टेस्टमध्ये जे करतात तेच. मोठ्या रनच्या आधी आणि नंतर एक हलका साइन सर्व्हे घेतात आणि दोन्ही कर्व्ह एकमेकांवर टाकतात. तुमच्या केसमध्ये मात्र हलक्या सर्व्हेवर विसंबू नका. बघा ना, सैल अवस्थेत १ न्यूटनला १४३ आणि घट्ट केल्यावर १४५, जेमतेम दोन हर्ट्झचा फरक, पटकन नजरेतून सुटेल. १० न्यूटनला तोच फरक १३१ आणि १४१. म्हणून देखभालीच्या वेळी दोन पातळ्यांवर मोजा आणि त्यांच्यातलं अंतर नोंदवत जा. ते वाढायला लागलं की टॉर्क रेंच बाहेर काढायचा.

बोल्टबहाद्दर
आणि तो रंग. नवीन ब्रॅकेट आले की जोडाच्या जागी रंग लावू नका असं ड्रॉइंगवर लिहून घ्या. नाहीतर पेंट शॉपवाले प्रेमाने परत लावतील.

कंपनवेडा
ड्रॉइंगवर टीप आधीच होती. पेंट शॉपला ड्रॉइंग पोचत नाही, हा वेगळा धागा होईल.